शिवायजमा

पैनगंगेच्या दोन्ही काठांचा धनी कागदावर एकच होता. अलीकडचं माहूर-किनवट निजामाचं आणि पलीकडचं वऱ्हाडातलं पुसद-उमरखेडही निजामाचंच. वऱ्हाड त्यानं 1853 मध्ये कर्जापोटी इंग्रजांच्या हवाली केलं, 1902 मध्ये सालीना 25 लाखांच्या बोलीवर कायमचं लावून दिलं, आणि 1936 मध्ये थोरल्या शहजाद्याला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घ्यायची मुभा मिळाली. मान शाबूत, मुलूख गेलेला. नदी ओलांडणाऱ्या कुणब्याला या मानापानाशी काही कर्तव्य नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक की पलीकडे कलदार रुपया चालतो, सावकार कोर्टात जातो आणि कोर्ट शेत काढून त्याच्या नावावर करतं. अलीकडे हाली रुपया चालतो, कचेरी उर्दूत बोलते आणि रान पडून आहे. औरंगजेबाला जाऊन सव्वादोनशे वर्षं होऊन गेली तरी पुसदकडची माणसं अलीकडच्या काठाला 'मोगलाई' म्हणत.

माझा आजा 1936 च्या पुढेमागे धनोड्याजवळ नदी उतरून मोगलाईत आला. जातीनं कुणबी, पंथानं महानुभाव. बरोबर बायको, दोन लेकरं, एक गाय, कुऱ्हाड आणि लाकडी पेटीत कापडात बांधलेली पोथी. गावाचं नाव सांगत नाही. चुलत्यांची पोरं अजून तिथं कसतात आणि त्यातला एक जण निवडणुकीला उभा राहतो. माहूरच्या खालच्या अंगाला, नदीपासून दोन कोसांवर, एवढं पुरे. आमच्या घरात या येण्याची गोष्ट एकाच चालीवर सांगतात: सगळं घनदाट रान होतं, तिथं माणूस नव्हतं, आज्यानं रान मोडून शेत केलं. मी पुढे महसूल खात्यात तलाठी झालो. नोकरीभर दप्तर चाळलं. या गोष्टीतला मधला तुकडा मला कधी पचला नाही.

आज्यानं गाव का सोडलं, याचं एक कारण उघडपणे सांगतात. 1929 नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाड म्हणजे कापूस. कापूस पडला की सगळंच पडलं. वऱ्हाडात जमीन गहाण पडत होती, विकली जात होती, सावकाराला लिहून देता येत होती. या सोयीचा फायदा चांगल्या सालात कुणब्याला झाला आणि वाईट सालात सावकाराला. आज्याच्या वाटणीचं शेत मुदतीच्या गहाणात होतं. मुदत भरली, शेत गेलं. त्या वर्षांत अशी किती शेतं गेली त्याला गणती नाही, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

दुसरं कारण घरात जरा दबक्या आवाजात निघतं. गावात पटकीची साथ आली, मरीआईला बोकड द्यायचं ठरलं आणि घरटी वर्गणी लागली. आज्यानं ती दिली नाही. महानुभाव पंचकृष्णांखेरीज कुणाला देव मानत नाहीत: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राउळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर. त्यात जीवहत्या तर सोडूनच द्या. गावानं न्हावी बंद केला, सांगावा बंद केला, आणि येता-जाता 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण ऐकू येईल अशी म्हणायला सुरुवात केली. ती म्हण आजही भाषणांतून सर्रास येते. कुणाच्या घरावर ती वाजते हे म्हणणाऱ्याला माहीत नसतं. सहा-सातशे वर्षं या पंथानं असंच अंग चोरून काढली. ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत कुलूपबंद ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी लिपीची उकल केली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी मठामठांतून पोथ्या धुंडाळल्या, नागपूरला ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापायला घेतलं, तेव्हा कुठं मराठीतला आद्य गद्य ग्रंथ या 'मानभावां'चा आहे हे पांढरपेशांना कळलं. ज्या दशकात पंडित मंडळी लीळाचरित्राचं कौतुक करू लागली त्याच दशकात माझ्या आज्याची दाढी करायला न्हावी येत नव्हता.

मग माहूर का? बाकीच्या महाराष्ट्राला माहूर म्हणजे रेणुका. आज्याला माहूर म्हणजे देवदेवेश्वरी, श्रीदत्तात्रेयांचं निद्रास्थान. चांगदेव राउळांना दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात येऊन माथ्यावर पंजा ठेवला आणि शक्तीचा स्वीकार झाला तो याच डोंगरात, अशी पंथाची श्रद्धा. आजा गृहस्थ उपदेशी होता. रिद्धपूरला उपदेश घेतलेला, रोज देवपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारा. त्याच्या हिशेबानं तो परक्या मुलखात चाललाच नव्हता, देवाच्या घराजवळ राहायला चालला होता. अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या लोकांनी 1847 मध्ये छळाला कंटाळून गाड्या जुंपल्या आणि सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात येऊन पाट काढले, गहू पेरला, मंदिर बांधायला घेतलं. त्यांचीही समजूत हीच, की देवानं ही मोकळी जागा आपल्यासाठी राखून ठेवली आहे. तिथं आधीपासून यूट आणि शोशोनी लोक राहत होते. पुढे वीस-पंचवीस वर्षं त्या खोऱ्यांत लढाया झाल्या. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरची गोष्ट आठवली, फक्त आमच्याकडे लढाई झाली नाही. आमच्याकडे अर्ज झाला.

अर्ज कसला ते सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथं आहे. किनवट तेव्हा नांदेडात नव्हतं, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. निजाम सरकारला त्या जिल्ह्यातलं रान लागवडीखाली यावं, सारा वाढावा असं वाटत होतं. पडीत जमीन लावणीवर मिळे. रीतसर पट्टा व्हायच्या आधी पुष्कळ जण 'शिवायजमा'त कसत: सरकारी पडीत जमीन पेरायची, त्या सालाचा सारा भरायचा, पावती घ्यायची. हक्क काही नाही. पुढच्या साली पटवाऱ्यानं नाही म्हटलं तर उठायचं. हे नवख्यांसाठी पहिली पायरी होतं. दोन-चार सालं पावत्या जमवायच्या, गिरदावराला खूश ठेवायचं, तहसीलला उर्दूत अर्ज लिहून घ्यायचा, पट्टा पदरात पाडून घ्यायचा.

गोंडही शिवायजमातच कसत होते. पिढ्यान्‌पिढ्या. जमीन मुबलक असताना दोन-तीन सालं एक तुकडा पेरायचा, मग तो पड टाकून दुसरा धरायचा, आणि काही सालांनी पहिल्यावर परत यायचं, ही त्यांची रीत. हलक्या बरड जमिनीला ती रीत मानवतेही. पट्टा काढावा अशी गरज त्यांना कधी पडली नव्हती, आणि पडली तेव्हा उर्दू येत नव्हतं, हाती रोकड नव्हती, आणि कचेरीत जाणं म्हणजे वेठीला सापडणं. पड टाकलेला तुकडा कागदावर 'सरकारी पडीत' म्हणून चढला. नदीपलीकडून आलेल्या माणसाला पटवारी जी जमीन दाखवायचा ती ही.

आज्याची पहिली पावती 1349 फसलीची आहे. फसलीत 590 मिळवले की इसवी सन, म्हणजे 1939-40. मुठीएवढा जाडसर कागद, शाई तपकिरी झालेली, खाली शिक्का. वडील उर्दू शाळेत चार इयत्ता शिकले होते, त्यांनी मला ती एकदा वाचून दाखवली: खुश्की, 9 एकर, शिवायजमा. पावती पोथीच्या पेटीतच ठेवलेली असायची. पोथीला हात लावण्याआधी आंघोळ लागे, त्यामुळे सारा भरल्याची पावती बघायलाही आमच्या घरात आंघोळ लागे.

रान मोडणं सोपं नव्हतं, हे मात्र गोष्टीत सांगतात त्याहून खरं आहे. सागाला हात लावायचा नाही, तो सरकारचा. जंगलातल्या नाकेदाराची नजर असायची. धावडा, पळस, तेंदू, बोरी तोडायच्या. मोठ्या झाडाची बुंध्याभोवती साल सोलून ठेवायची म्हणजे ते उभ्या उभ्या वाळतं. माघात तोडायचं, चैत्र-वैशाखात पेटवायचं. बुडखे तसेच राहत आणि पहिली दोन सालं नांगर त्यांच्याभोवतून वळवावा लागे. तिफण धड चालतच नसे, हातानं टोकण करावी लागे. पेटवण्याच्या आदल्या सांजेला आजा पितळी थाळा वाजवत सगळ्या तोडीभोवती फिरायचा. ससा, घोरपड, साप, तितराची पिल्लं, जे काय असेल ते निघून जावं म्हणून. हे मी लहानपणी फार भक्तिभावानं ऐकायचो. आजी चुलीपुढून म्हणायची, "वाजवून झालं की पेटवतच व्हता ना तुहा आजा!"

दुसऱ्या पावसाळ्यात थोरला मुलगा हिवतापानं गेला. किनवटला कोयनेलच्या गोळ्या मिळत, पण आणायला माणूस गेला तोवर नाल्याला पूर आला. गावठाणात तेव्हा बाहेरून आलेली सात-आठ घरं होती आणि हिवतापानं माणूस गेलं नाही असं त्यात एकही नव्हतं. आजीनं परत जायचा हट्ट धरला. परत कुठं जायचं, हा प्रश्न होताच.

ज्वारी निसवली की डुकरं यायची. आज्याला फास लावता येत नव्हता, मारता येत नव्हतं. माळ्यावर बसून तो रात्रभर पत्रा बडवायचा आणि हाकारे घालायचा. मग वाडीतल्या गोंडांनी विचारलं, तुझ्या शेतात येणारी डुकरं आम्ही मारू का? आजा हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. ते मारत, तो तोंड फिरवून बसे. डुकराचं पाप गोंडाचं, वाचलेली ज्वारी आमची, असा तो हिशेब. त्या डुकरातलं आपल्याला काही नको म्हणून आज्यानं हातही धुतले असतील.

हे गोंड कुठून आले? गोष्टीत तर माणूस नव्हतं. ते होतेच. अर्ध्या कोसावर त्यांची वाडी होती, त्यापलीकडे टेकडीवर कोलामांची पाच-सहा घरं. बांबूच्या टोपल्या आणि ताट्या कोलामांकडून यायच्या, झाडं सोलायचं काम आज्याला गोंडांनी शिकवलं, आणि धान्यावर मजुरी करून अर्धी तोडही त्यांनीच केली. घरातल्या गोष्टीत 'माणूस नव्हतं' याचा अर्थ पट्टेदार नव्हता एवढाच होतो.

शेतातच त्याची खूण आहे. आमच्या शेताच्या उगवतीला मोहाची सात झाडं आहेत. जंगलातला मोह असा एका रांगेत, सारख्या अंतरानं, आजूबाजूला दुसरं झाड न ठेवता वाढत नाही. गोंड रान साफ करताना मोह राखतात: फूल दारूला आणि दुष्काळात पोटाला, टोळीच्या बियांचं तेल दिव्याला. म्हणजे तिथं कधीतरी कुणाचं तरी शेत होतं आणि ही त्या शेतातली राखलेली झाडं. आणि कोपऱ्यात ऐनाच्या जुन्या झाडाखाली पाच-सहा उभे दगड, शेंदूर नाही, काही नाही, समोर मातीच्या पणत्यांची खापरं. गोंडांचा देव. आज्यानं पहिल्या साली नांगर धरला तेव्हा तो कोपरा सोडून वळवला. देवाला हात त्यानं कधी जोडले नाहीत. पंचकृष्णांखेरीज कुणापुढे तो वाकणारा नव्हता. पण नांगरही घातला नाही. माझ्या मते त्याला सगळं कळत होतं.

त्याच काळात पलीकडच्या डोंगरात काय चाललं होतं ते आज्याला माहीत असायचं कारण नाही. ज्या साली त्याची पहिली पावती फाटली त्याच साली, 1940 मध्ये, आसिफाबादच्या डोंगरात जोडेघाटला गोंड पुढारी कुमरम भीम पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. राखीव जंगलाच्या हद्दी आखून वाड्या उठवल्या, पिकं जप्त केली, त्याविरुद्ध तो उभा राहिला होता. मारून झाल्यावर सरकारला प्रश्न पडला की शांत म्हणून समजले जाणारे गोंड उठले का. उत्तर शोधायला माणूस मिळाला तोही नवलाचा: क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे जर्मनीचा पासपोर्ट होता म्हणून इंग्रजांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून हैदराबाद संस्थानाबाहेर जायला बंदी केली. तो उटनूरजवळ मारलवाईला गोंडांमध्ये जाऊन राहिला, गोंडी शिकला, आणि सरकारला स्पष्ट लिहून कळवलं की वऱ्हाडातून आणि मराठवाड्यातून येणाऱ्या मराठी आणि बंजारा शेतकऱ्यांच्या नावे जमिनी होत आहेत आणि जे कसत होते ते कूळ किंवा मजूर होत आहेत. सपाटीची काळी आधी गेली, डोंगर मागाहून. त्याच्या खटपटीतून 1940 च्या दशकात आदिलाबाद जिल्ह्यात दीड लाखाच्या वर एकर जमिनीचे पट्टे आदिवासींना मिळाले. एवढं काम एका नजरबंद परदेशी माणसानं करवून घेतलं. आमच्या वाडीपर्यंत ते पोचलं नाही. आज्याचा पट्टा 1353 फसलीत झाला, 1943-44. हायमेनडॉर्फ अहवाल लिहीत होता ते दिवस.

आजा त्या अहवालातला माणूस आहे. नाव नाही, पण तोच. त्याला लबाड म्हणवत नाही, कारण त्यानं कुणाला फसवलं नाही. पटवाऱ्यानं दाखवलं, सरकारनं दिलं, त्यानं घाम गाळला, मुलगा गमावला. पण पट्टा मिळवण्यासाठी जे लागतं ते त्याच्यापाशी होतं: सावकाराकडून एकदा पोळल्यामुळे आलेली कागदाची अक्कल. गोंडाला ती यायची होती.

युद्धाच्या सालांत लेव्ही आली. एकरी अमुक धान्य सरकारला घालायचं, ठरवलेल्या भावानं. आज्याच्या ज्वारीला बाजारात जास्त मिळत असताना ती गिरदावराच्या काट्यावर जायची. गावात पेवं होती, पण पेवांचा पत्ता पटवाऱ्याला ठाऊक असायचा. हा राग पुढे उपयोगी पडला. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला आणि हैदराबाद बाहेर राहिलं, तेव्हा स्टेट काँग्रेसनं सरहद्दीवर छावण्या उघडल्या. आमच्या बाजूला उमरखेडची छावणी. तिकडून पोरं रात्री नदी उतरायची, करोडगिरीचे नाके जाळायची, शिंदीची झाडं पाडायची म्हणजे सरकारचं अबकारी उत्पन्न बुडावं. शिंदीवर कुऱ्हाड चालली याचा आज्याला मनापासून आनंद झाला असणार. दारू त्याला पापच होती. मोहाच्या सात झाडांना मात्र त्यानं कधी कुणाला हात लावू दिला नाही. ती गोंडांची, असं म्हणे. झाडं गोंडांची आणि झाडांखालची जमीन आमची, ही वाटणी त्याला खटकत नव्हती.

रझाकारांचा सेनापती कासीम रझवी लातूरचा वकील. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या त्या पेठेत कज्जे चालवणारा माणूस दोन-तीन वर्षांत लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गोष्टी करू लागला. 30 जानेवारी 1948 ला, गांधीजी दिल्लीत पडले त्याच दिवशी, स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली आणि लढ्याला पैसा उभा केला. त्यानंतर नांदेडच्या गावांवर रझाकारांचा आणि पोलिसांचा जाच वाढला. आमच्या गावात त्या उन्हाळ्यात बायका-लेकरं पुसदकडे धाडली. म्हणजे ज्या गावानं न्हावी बंद केला होता त्याच गावात आजीनं चार महिने काढले. संकटात गाव तेवढं मोठं झालं होतं. आजा राहिला. गाय व्याली होती, आणि बियाण्याची ज्वारी पेवात होती. त्याच्या सांगण्यात त्या महिन्यांतलं शौर्य असं काही नव्हतं. रात्री शेतात झोपायचं, दिवसा गावात दिसायचं नाही, दोन्हीकडचे लोक आले तर भाकरी द्यायची. 13 सप्टेंबरला 'पोलीस कारवाई' म्हणत भारतीय फौजा आत आल्या, 17 ला निजाम शरण आला.

त्यानंतरचं आमच्याकडे कुणी सांगत नाही. 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाला मी नोकरीत दरसाल उभा राहिलो, भाषणं ऐकली, त्यातही कुणी सांगितलं नाही. पंडित सुंदरलाल समितीनं 1948 च्या अखेरीस संस्थानात फिरून नोंदवलं की पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यामागून 27 ते 40 हजार मुसलमान मारले गेले असावेत, आणि सर्वांत वाईट हाल उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांचे झाले. आजचे लातूर आणि नांदेड त्यात जवळजवळ सगळे आले. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. रझाकारांचे अत्याचार खरे आणि हेही खरं. एकानं दुसरं फिटत नाही.

आमच्या घरात याचा एकच धागा आहे. त्या आश्विनात हदगावच्या बाजूनं एक मुसलमान गाडीवान बायको-पोरांसह आदिलाबादकडे चालला होता. गाडी रस्त्यानं नेणं धोक्याचं, म्हणून त्यानं गाडी आमच्या गावात सोडली आणि बैलजोडी विकली. आज्यानं ती घेतली. निम्म्या भावात, काही हाली रुपये, काही ज्वारी. लालसर रंगाची, उंच, चालीची जोडी. तोवर आमच्याकडे एकच बैल होता आणि जोडीला दुसऱ्याचा मागून आणावा लागे. त्या जोडीवर पुढची आठ सालं शेती झाली, नऊ एकरांचे चौदा झाले, वडिलांचं लग्न झालं. आजी त्या जोडीला "देवानं धाडलेली" म्हणायची. आजा यावर काही बोलायचा नाही. विडावसराच्या पूजेच्या वेळी सगळ्यांना प्रसाद देऊन झाला की गोठ्यात जाऊन बसायचा.

1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1950 ला कूळकायदा आला. आमचं गाव खालसाचं असल्यानं त्या धामधुमीचा आम्हाला फारसा उपसर्ग झाला नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला मात्र पायाखालची जमीन जागेवर राहून जिल्हा बदलला. भाषावार प्रांत झाले: नांदेडचा मुधोळ तालुका आंध्रात गेला, आदिलाबादचं किनवट नांदेडात आलं. कचेरीत उर्दू जाऊन मराठी आली. पहाणी पत्रकाचं पुढे सात-बारा झालं. मोडी-उर्दूची अक्कल असलेले जुने पटवारी एका रात्रीत अडाणी झाले. आज्याला पहिल्यांदाच आपलं नाव वाचता आलं.

गोंडांचे नातेवाईक नव्या सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिले. एकाच कुळाची माणसं, दिवाळीत दंडारी घेऊन एकमेकांच्या गावांना जाणारी, आता दोन राज्यांच्या दोन कायद्यांत. आंध्रानं अनुसूचित क्षेत्रासाठी 1959 चा विनियम केला आणि 1970 मध्ये तो कडक केला: अशा भागात बिगर आदिवासीच्या ताब्यात जमीन असेल तर ती आदिवासीकडूनच आली असं गृहीत धरायचं, तसं नसल्याचं सिद्ध करायचं ओझं ताबेदारावर. किनवट आदिलाबादेतच राहिलं असतं तर आज्याच्या पट्ट्याला उत्तर द्यावं लागलं असतं. मग मोहाची सात झाडं पुराव्यात आली असती.

महाराष्ट्रानं 1974 चा कायदा केला, आदिवासींना जमिनी परत देण्याचा. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या मुदतीत आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन परत करायची. मूळ मालकानं स्वतः कसायचं कबूल करायचं आणि आकाराच्या 48 पट रक्कम, शिवाय केलेल्या सुधारणांची किंमत भरायची. 1957 च्या आधीचा व्यवहार असेल तर त्याला हा कायदा नाही. शिवायजमात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली आणि कागदावर 'सरकारी पडीत' म्हणून दुसऱ्याला दिलेली जमीन तर व्यवहारच नाही. तिला विकणारा कुणी नाही आणि घेणाराही नाही.

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. आमच्या गावापासून दूर, दुसऱ्या सझ्यात, अशा चौकशांचे पंचनामे करायला जात असे. काही जमिनी खरोखर परत गेल्या, ते मी पाहिलं आहे. ताबा देताना ढोल वाजले. पुष्कळ अर्ज तारखेवर अडकले. एका वाडीतल्या म्हाताऱ्या पाटल्यानं शेताच्या बांधावर उभं राहून मला बाप, आजा, पणजा अशी नावं सांगितली, प्रत्येकानं कुठला तुकडा कुठवर पेरला ते हातानं दाखवलं. मी विचारलं, कागद? तो म्हणाला, "साहेब, झाडं हाईत की." मी बघितलं. मोहाची होती, रांगेत.

पंचनाम्याच्या छापील नमुन्यात झाडांना रकाना होता तो फळझाडांसाठी, किंमत काढायला. मी मोह त्यात लिहिले, संख्या लिहिली, आणि शेऱ्यात अर्जदाराचं म्हणणं नोंदवलं. व्यवहार 1951 चा निघाला. अर्ज नामंजूर झाला. त्याच वर्षी घरी आमच्या सात-बारावर फेर करून घेताना मी कोपऱ्यातले तीन गुंठे पोटखराब्यात दाखवून घेतले. ते आधीपासून लागवडीतच नव्हते, त्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं. चुलतभाऊ हल्ली म्हणतो, ते तीन गुंठे लागवडीत घ्या, तिथं बोअर चांगलं लागेल. दिवाळीला वाडीची माणसं अजून तिथं येतात म्हणून तूर्त थांबला आहे.